आईचं दार आणि एसीचा खर्च

अकोल्याला आईच्या घरात एसी बसवायचं मी ठरवलं, तेव्हा नातेवाइकांकडून पहिला प्रश्न आला तो पैशांचा नव्हता, लायकीचा होता. नात्यातल्या एका काकांच्या दोन खोल्यांत दोन एसी आहेत. तेच मला फोनवर म्हणाले, "तुयी माय जिंदगीभर बजारात उन्हात बसली. तिले काय पाह्यजे वं एसी? तिचं आंग पक्कं झालं." मी म्हटलं, "काका, पक्कं नाई झालं, भाजलं." आणि फोन ठेवून दिला. तो राग अजून उतरलेला नाही, आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

आम्ही भाजीवाले. अकोल्याच्या कडेला थोडं ओलिताचं वावर होतं. वडील पिकवायचे, आई विकायची. वांगी, पालक, गवार, सांबार. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे पुण्याच्या लोकांना दर वेळी नव्यानं सांगावं लागतं. मे महिन्यात डोक्यावर ओलं फडकं टाकून आई बाजारात बसायची आणि अर्धं पाणी भाजीवर, अर्धं स्वतःवर शिंपडायची. पुढे शहर वावरापर्यंत आलं, वडील गेले, आणि उरलं ते दोन खोल्यांचं स्लॅबचं घर आणि परसातले चार वाफे. थोरला भाऊ पुण्यात स्थायिक झाला. मी अमरावतीत. नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात खरेदीच्या विभागात आहे. लोकांची कोटेशनं वाचायची आणि त्यांनी काय लिहिलेलं नाही ते शोधून काढायचं, यावर माझं पोट चालतं.

मागच्या उन्हाळ्यात आई स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. शेजारच्या मावशीनं पाहिलं म्हणून निभावलं. ही मावशी बाजारात आईच्या बाजूला लसूण-कांदे घेऊन बसायची, तिचं घरही शेजारीच. सलाइन लागलं, दोन दिवस दवाखान्यात काढले, आणि डॉक्टरांनी बजावलं की पुढच्या उन्हाळ्यात दुपारी हिला थंड खोलीत ठेवायचं, यात हयगय नको. दवाखान्याच्या जिन्यातच दादानं निकाल दिला. आईनं पुण्याला यायचं. आईनं नाही म्हटलं. मग दादानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "ठीक आहे, एक उन्हाळा बघू. पुन्हा अशी पडली तर मी विचारणार नाही. घर भाड्यानं देऊन टाकू." दादा वाईट माणूस नाही. घाबरला होता. मीही घाबरले होते, फक्त माझी भीती रागाच्या रूपानं बाहेर येते.

म्हणजे हा एसी थंडाव्याच्या चैनीसाठी नव्हता. आई तिच्या घरात राहणार की पुण्यात आठव्या मजल्यावर खिडकीला नाक लावून बसणार, एवढं त्यावर ठरणार होतं.

दुकानात मोठी पाटी होती, ‘बसवणं फुकट’. माझ्या धंद्यात फुकट हा शब्द दिसला की मी चष्मा काढून पुसते आणि परत लावते. मी दुकानदाराला विचारलं, फुकटात काय काय? तो म्हणाला, "सगळं, मॅडम." सगळं म्हणजे काय ते एकेक करून काढायला मला चांगला वेळ लागला. फुकटात फिटरची मजुरी होती आणि डब्यात येतो तेवढा तीन मीटर पाइप. त्याहून जास्त लागला तर पैसे वेगळे. बाहेरच्या युनिटचा लोखंडी स्टँड वेगळा. विटांची भिंत असेल तर भोक फुकट, काँक्रीट लागलं तर त्याचे वेगळे. वायर वेगळी, स्टॅबिलायझर वेगळा, पाणी जायची नळी वेगळी. मी म्हटलं, "मग फुकट काय आहे, फिटरचं येणं-जाणं?" तो हसला. मी हसले नाही. प्रत्येक गोष्टीचा दर बिलाच्या मागं लिहून घेतला, पाइप तांब्याचाच हवा हेही लिहून घेतलं आणि त्यावर सही मागितली. त्यानं तोंड वाकडं केलं, पण सही केली.

घरी एसी घेणाऱ्या प्रत्येकाला माझं एक सांगणं आहे. यंत्राची किंमत ठरवायच्या आधी बाहेरचं युनिट कुठं बसणार ते ठरवा. खर्चाला सगळे फाटे तिथूनच फुटतात, आणि दुकानात उभं राहून ते कळत नाही. फिटरला आधी घर दाखवा, मगच पैसे भरा.

आमच्याकडे फिटर आला, त्यानं घराला एक चक्कर मारली आणि मागच्या भिंतीवर बोट ठेवलं. "इथं लावू. डब्यातलाच पाइप पुरते." मी खूश झाले. आई नाही झाली. मागच्या भिंतीसमोर हात-दीड हाताची बोळ आहे आणि बोळीपलीकडे मावशीची खिडकी.

"अन् याची गरम हवा कोठी जाईन?" आईनं विचारलं.

"बाहेर, आजी."

"बाहेर म्हंजे हिच्या घरात. हिनं मले उचलून दवाखान्यात नेलं, अन् मी हिच्या तोंडावर गरम झळा सोडू?"

फिटरनं माझ्याकडे पाहिलं. खरेदी खात्यातली बाई म्हणून मी मनात हिशेब केला आणि मुलगी म्हणून तो पुसून टाकला. युनिट स्लॅबवर गेलं. वर भर उन्हात ठेवलं तर ते नुसतं धापा टाकतं, म्हणून जिन्यावरच्या बांधीव टोपीमागं, दिवसभर सावली असते तिथं बसवायला लावलं. पाइप दुपटीहून जास्त लागला. फिटरनं हळूच सुचवलं की त्याच्याकडे जुन्या पाइपचा एक तुकडा आहे, जोड देऊन भागेल. मी सांगितलं की जोड दिलेला पाइप तू तुझ्या घरी लाव. मग अखंड पाइप आला.

त्यानंतर वायरिंग. फिटर कूलरच्या प्लगलाच एसी जोडायला निघाला होता. ती वायर वडिलांनी घर बांधताना टाकलेली. तिच्यावर पंखा चालायचा हेच तिचे उपकार. मी काम थांबवलं. दुसऱ्या दिवशी वायरमन आणला, मीटरपासून वेगळी वायर ओढली, अर्थिंग नव्यानं घातलं. मीटरचा मंजूर भार दोन पंखे आणि एका कूलरपुरता होता, तो वाढवून घ्यायला विजेच्या कार्यालयात अर्ज केला आणि त्याचे पैसे भरले. या खर्चाबद्दल कुठलाही दुकानदार अवाक्षर काढत नाही, कारण यातला रुपयाही त्याच्या गल्ल्यात जात नाही. पण हा खर्च टाळला तर भर मे महिन्यात अख्ख्या घराची वीज जाते, आणि मग एसीही नाही आणि पंखाही नाही.

फुकट बसवून मिळणारा आमचा एसी बसवायला यंत्राच्या किमतीच्या जवळपास तिसरा हिस्सा गेला. मी तो आकडा दादाला सांगितला, कारण लपवायचं काही कारण नव्हतं.

दादा म्हणाला, "एवढ्यात तिला तीन उन्हाळे पुण्याला नेऊन परत आणलं असतं."

"नेऊन आणायला ती काय कूलर आहे?" मी म्हटलं.

आईला त्या यंत्रातली एकच गोष्ट मनापासून आवडली, त्याचं पाणी. यंत्र चालू असलं की ते नळीतून थेंब थेंब बाहेर येतं. फिटर ती नळी गटारात सोडत होता. आईनं ती त्याच्या हातातून घेतली आणि पालकाच्या वाफ्यात नेऊन ठेवली. नळी थोडी लांब लागली, तिचे पैसे मी आनंदानं दिले.

एप्रिल तापला. मी रोज अमरावतीहून फोन करायचे, आणि रोज आई सांगायची की खोली थंड होत नाही. तिनं फिटरला बोलावलं. त्यानं येऊन सांगितलं की गॅस कमी आहे, भरावा लागेल, आणि पैसे सांगितले. त्या रविवारी मी सकाळच्या एसटीनं अकोल्याला पोचले. खोलीत शिरले तर एसी पूर्ण जोरात चालू, समोरची खिडकी सताड उघडी, आणि खिडकीत कूलरसुद्धा चालू. मी कपाळाला हात लावला.

"आई, खिडकी काहून उघडली?"

"मंग हवा निघाले जागा नको? कोंडून ठेवली तं आंबते ती."

तिचं काही चुकलं नव्हतं, चुकलं असेल तर सगळ्या वऱ्हाडाचं. आमच्याकडे मार्च संपता संपता माळ्यावरून कूलर खाली उतरतात, त्यांना गवताच्या नव्या ताट्या लागतात, आणि शेंबडं पोरही जाणतं की कूलरसमोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीत दमट वाफ कोंडते. जन्मभर ज्या हवेला वाट करून दिली, तिला एका यंत्रासाठी कोंडायचं हे कोणाच्या डोक्यात येणार? पण तो फिटर. तो त्याच खोलीत उभा होता, उघडी खिडकी त्याला दिसत होती, आणि तो गॅसचे पैसे सांगून गेला. मी त्याला फोन लावला आणि म्हटलं, "नव्या यंत्रातला गॅस वॉरंटीत असताना कमी कसा झाला, ते कंपनीच्या कागदावर लिहून दे, मग पैसे देते." त्यानंतर त्याचा फोन लागेना. खिडकी लावल्यावर थोड्याच वेळात खोली गार झाली. गॅस भरायचं कोणी सुचवलं तर आधी खिडक्या-दारं बघा.

मी कूलर बंद करून, खिडकी-दार लावूनच ठेवायचं हे आईला चार वेळा समजावून परत गेले. आता सगळं मार्गी लागलं असं मला वाटलं होतं.

मेच्या सुरुवातीला भर दुपारी मावशीचा फोन आला. "तुयी माय बाहेर ओट्यावर बसून राहिली. तोंड लालबुंद झालं. बोलली तं आयकत नाई." मी कारखान्यातून तशीच निघाले. बडनेऱ्यावरून अकोल्यापर्यंतची ती गाडी मला आयुष्यात इतकी सावकाश कधी वाटली नव्हती. पोचले तोवर मावशीनं तिला आत नेऊन झोपवलं होतं, कपाळावर ओलं फडकं होतं. डॉक्टर येऊन गेले होते. थोडक्यात निभावलं. दादाला मावशीच्या मुलानं कळवलं होतं, आणि दादानं रविवारची येण्याची आणि त्याच दिवशीची परतीची तिकिटं काढलीही होती. परतीची दोन.

मला इतका संताप आला की मी आजारी माणसासमोर बोलू नये ते बोलले. "बसवला कशाले मंग मी तो एसी? शोभेले? तू ओट्यावर उन्हात बसणार, अन् दादा तुले उचलून नेणार, अन् मी हात चोळत बसणार. तुले पुण्याले जायचं आहे का?"

आईनं कपाळावरचं फडकं काढलं. मग म्हणाली, "तू मले अथी राहाले मिळावं म्हणून बसवला ना?"

"हाव."

"मंग दार लावलं तं मी अथी कोठी राहिली? चार भिंती तं पुण्यालेही हायेत. दुपारी बाया येत, दार लागलेलं दिसे, वापस जात. त्याहीले वाटे मी झोपली. आठ दिवस मानसाचं तोंड नाई पाह्यलं मी. म्हणून बंद केला अन् ओट्यावर बसली."

आमच्या गल्लीत दिवसा दार कधी लागत नाही. दार लागलेलं असलं तर घरात कोणी नाही, किंवा घरात काही बरं नाही, असाच अर्थ घेतात. आईच्या बाजारातल्या जुन्या साथिणी दुपारी तिच्याकडे येतात. कोणी लसूण सोलते, कोणी चिंच फोडते, कोणी नुसतीच बसते. मी पाइपचा मीटर न् मीटर मोजून घेतला होता, आणि त्या बायकांचा विचार माझ्या एकाही कागदात नव्हता. मला फार वाईट वाटलं. आणि लगेच जिद्दही चढली, कारण दादाच्या तिकिटांना अजून चार दिवस होते.

कारखान्यात रजा टाकली. दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानातून दार आपोआप लावणारी स्प्रिंग आणली. अख्ख्या एसीच्या खर्चात सगळ्यात स्वस्त वस्तू हीच, आणि ती कुठल्याच कोटेशनमध्ये नसते. सुताराकडून ती बसवून घेतली आणि दाराची आतली कडी काढून टाकायला लावली, दिवसा तिची गरज नव्हती. वरचा बोल्ट रात्रीपुरता ठेवला. मग मी घरोघर गेले. प्रत्येकीला सांगितलं, "दार लागलेलं दिसन, पण लोटलेलं हाये. ढकला अन् आत या. हाक मारू नका, वापस जाऊ नका."

"झोपली असन तं?" एकीनं विचारलं.

"तं उठवा," मी म्हटलं.

पहिल्या दिवशी दोघी आल्या, अंग चोरून बसल्या. दुसऱ्या दिवशी पाच जणी. तिसऱ्या दिवशी एक बाई लाल मिरच्यांचं पोतं घेऊन आली आणि सगळ्या मिळून देठं खुडायला बसल्या. बंद खोली, फिरती हवा. थोड्याच वेळात सगळ्या शिंकायला लागल्या, आई हसून हसून खोकायला लागली, आणि मिरच्या ओट्यावर गेल्या. त्या दिवसापासून मिरचीला आत बंदी आहे. आणखी एक गोष्ट तेव्हाच कळली. दुकानात खोली किती फुटांची ते विचारतात, किती माणसं बसणार ते कोणी विचारत नाही. पाच-सहा जणी बसल्या की आमचं यंत्र हाश्शहुश्श करायचं. ते बदलायची ऐपत नव्हती, म्हणून स्लॅबला चुना मारला आणि पश्चिमेच्या खिडकीला जाड गोधडी टांगली. पुरेसा गारवा राहू लागला. तुमच्याकडे माणसं येत असतील तर यंत्र एक माप मोठं घ्या आणि तसं दुकानात ठणकावून सांगा.

रविवारी दुपारी दादा आला. मी आत स्वयंपाकघरात चहा टाकत होते. नंतर त्यानंच मला सांगितलं की गल्लीत शिरल्यावर त्याला दार लागलेलं दिसलं. त्यानं घाईनं दार ढकललं. आत सात बायका जमिनीवर बसलेल्या, मध्ये चिंचेची परात, चिंचोके एकीकडे, टरफलं एकीकडे, आणि भिंतीला टेकून आई. तोंडावर तेज, हातात दगड. दादा खांद्यावर बॅग घेऊन उंबऱ्यात तसाच उभा राहिला. गार हवा त्याच्या पायांमधून बाहेर निघून चालली होती.

मावशी त्याला लहानपणापासून ओळखते. तिनं मान वर केली. "बाप्पा, आत ये नाईतं बाहेर राय. दार उघडं धरून उभा नको राहू."

दादा आत आला. दार त्याच्या मागं आपोआप लागलं. बायका सरकल्या, एवढीशी जागा झाली, त्यात तो मांडी घालून बसला. शहरी पँटमध्ये त्याला ते जड गेलं. त्यानं खोलीवर नजर फिरवली, गोधडी पाहिली, दाराची स्प्रिंग पाहिली, मग आईकडे पाहिलं.

"आई, बॅग भरलीस का?"

"कोनाची?" आई म्हणाली आणि चिंचेवर दगड हाणला. "मी कोठी जाऊन राहिली?"

मी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला भांडायचं होतं, मी तयारीत होते, बिलं पर्समध्ये होती. एकही बाहेर काढावं लागलं नाही. दादानं चहा घेतला, एक घोट प्यायला, परात थोडी स्वतःकडे ओढली आणि एक चिंच उचलून बोटांनीच सोलायला लागला. दोन-चार झाल्यावर हात पुसून त्यानं मोबाइल काढला. बराच वेळ त्यात काहीतरी करत होता. मला आनंद झाला होता, आणि मी तो चेहऱ्यावरून लपवला नाही.

"एक तिकीट रद्द केलं," तो म्हणाला. माझ्याकडे न पाहता, आईला.

आईनं परातीतला एक चिंचोका उचलून बाजूला टाकला.

"एकच काहून?" ती म्हणाली. "दोन्ही कर."